सीनियर पोर्ट्रेट बाहेर काढायचेत? लाइट आधीच जमव, बागेत फक्त मुलीकडे बघ

तू लिहिलंयस की शेजारच्यांची मुलगी यंदा सीनियर आहे, तुझ्याकडचा कॅमेरा बघून तिच्या आईने विचारलं फोटो काढशील का, तू हो म्हणालास, मग गोडॉक्सचा एडी २०० फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करणारा ३६ इंची कापडी सॉफ्टबॉक्स मागवलास, शनिवारी रूममेटला पार्कात उभं करून ट्रायल घेतली तर चेहरा पांढराफटक, मागचं सगळं काळंकुट्ट, आणि रूममेट पासपोर्ट फोटोला उभा असल्यासारखा ताठ. दोन आठवड्यांनी खरं शूट आहे, काय करू काका. मी इथे न्यू जर्सीत १७ वर्षं हेच काम करतोय, त्याआधी मिरजेला मामाच्या स्टुडिओत थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून नवरा-नवरीच्या तोंडावर उजेड पाडायचं काम केलंय, त्यामुळे सांगण्यासारखं बरंच आहे.

जे भारतातून वाचतायत त्यांच्यासाठी एवढंच, इकडे बारावीच्या वर्षाला सीनियर इयर म्हणतात, आणि त्या वर्षी मुलांचे खास फोटो काढायची पद्धत आहे, शाळेच्या इयरबुकसाठी, नातेवाइकांना पाठवायला, ग्रॅज्युएशन पार्टीच्या बोर्डवर लावायला. बहुतेक अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात नाहीतर ऑक्टोबरमध्ये पानं रंगली की काढतात. आपल्याकडे बारावीचं वर्ष म्हणजे क्लास आणि परीक्षा, त्यामुळे इथे आलेल्या आईवडिलांना सुरुवातीला हा उगाच खर्च वाटतो, पण मुलांसाठी तो मोठा प्रसंग असतो, घर सोडून कॉलेजला जायच्या आधीचा, हे लक्षात ठेवूनच कॅमेरा हातात घे.

आता मुद्द्याचं. तुझा प्रॉब्लेम लाइटचा कमी आणि क्रमाचा जास्त आहे. तू बागेत पोचल्यावर सेटिंग शोधत बसलास, आणि ते खऱ्या शूटला अजिबात चालत नाही. १७ वर्षांची मुलगी समोर उभी असते, आधीच अवघडलेली, तू फोटो काढतोस, स्क्रीनकडे बघतोस, कपाळाला आठ्या घालतोस, परत बटणं फिरवतोस. तुला फक्त एवढंच कळलेलं असतं की फ्लॅश एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, जास्त झालाय. तिला मात्र वाटतं की आपण वाईट दिसतोय. पुढचा अर्धा तास तो चेहरा उघडत नाही, कितीही स्माइल स्माइल म्हण. म्हणून लाइटचं सगळं आधी, मुलगी यायच्या आधी, किंवा तिच्या भावाला नाहीतर बाबांना तिच्या जागी उभं करून. ती फ्रेममध्ये आली की तुझे डोळे तिच्यावर पाहिजेत.

लाइटचं गणित एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर पुरतं. बाहेर फ्लॅश लावलास की एका फोटोत दोन एक्सपोजर असतात. एक आभाळ-झाडांचं, एक चेहऱ्यावर पडणाऱ्या फ्लॅशचं. फ्लॅश एवढा झटकन येऊन जातो की शटर स्पीड १/२०० चा १/१०० केलास तरी फ्लॅशचा उजेड तेवढाच राहतो, फक्त मागचं उजळतं. म्हणजे मागचं शटरने सांभाळायचं, चेहऱ्यावरचा फ्लॅश पॉवरने, आणि अपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) दोघांनाही लागू. तुझ्या फोटोत मागचं काळं झालं कारण तू शटर वेगवान ठेवलंस, अपर्चर बारीक केलंस आणि पॉवर चढवत गेलास, त्यामुळे फ्लॅशच एकटा फोटो काढत होता.

तर असं कर. फ्लॅश बंद ठेव. कॅमेरा मॅन्युअल, आयएसओ १००, अपर्चर २.८, सूर्य मावळायला पाऊण तास असेल तर शटर १/२०० च्या आसपास येईल, आणि मागचं दृश्य डोळ्याला दिसतं त्यापेक्षा जरासंच गडद कर, अर्धा-पाऊण स्टॉप, जास्त नाही. चेहरा काळपट दिसेल, दिसू दे. मग फ्लॅश चालू कर, मॅन्युअलवर, पूर्ण पॉवरच्या १/३२ पासून, आणि चेहरा बरोबर येईपर्यंत वर जा. सॉफ्टबॉक्स चार-पाच फुटांवर असेल तर मला त्या वेळेला १/३२ नाहीतर १/१६ मध्येच काम होतं. १/४ च्या वर जावं लागलं तर समज की लाइट लांब आहे किंवा ऊन अजून फार आहे. जवळ आण. अंतर अर्धं केलं की उजेड चौपट होतो, आणि वर सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने मोठा झाल्यामुळे सावली मऊ पडते, म्हणून मी बॉक्स फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत आणतो, कधी कोपरा फोटोत आला तर नंतर कापतो.

शटर १/२०० किंवा १/२५० पेक्षा वेगवान केलंस की सिंक, म्हणजे शटर आणि फ्लॅशचा मेळ, जातं, फोटोत काळा पट्टा येतो, कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये तुझा आकडा बघून ठेव. त्यावर उपाय हायस्पीड सिंक, पण त्यात फ्लॅशची ताकद दोन स्टॉप तरी जाते आणि शटर वाढवशील तशी आणखी जाते. दुपारच्या लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ २.८ ठेवायचं तर शटर १/३२०० लागतं, तिथे एडी २०० सॉफ्टबॉक्समधून फुल पॉवरलाही जेमतेम पुरतो आणि दर फोटोला फ्लॅश परत चार्ज व्हायची वाट बघत बसावं लागतं. त्यापेक्षा ४ स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावून १/२०० ला राहणं परवडतं. आणि त्याहून परवडतं ते म्हणजे दुपारी शूटच न ठेवणं. आईवडील म्हणतील रविवारी जेवण करून दोनला येऊ, गोड बोलून नाही म्हण. ऑक्टोबरच्या मध्यात इकडे सूर्य सव्वासहाच्या सुमाराला मावळतो, साडेचारला भेट, सव्वापाचनंतरचा एक तास तुझा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इकडे घड्याळं तासभर मागे करतात, ती केली की पाचच्या आतच मावळतो, त्यात मुलांची शाळा, मार्चिंग बँड, सॅट ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा, म्हणजे शनिवार-रविवारशिवाय जमतच नाही, हे आधी ठरवून घे.

उभं कसं करायचं ते. सूर्य तिच्या मागे, थोडा एका बाजूला, म्हणजे केसांवर आणि खांद्यावर सोनेरी कड येते आणि डोळे मिचमिचत नाहीत. फ्लॅश सूर्याच्या विरुद्ध बाजूने, तुझ्यापासून साधारण ४५ अंश बाजूला, डोळ्यांच्या वर, खाली तोंड केलेला. डोळ्यात चमक घड्याळाच्या दहा किंवा दोनच्या जागी दिसली की उंची बरोबर. चमक दिसतच नसेल तर लाइट फार वर गेलाय, आणि नाकाची सावली ओठांवर आली तरी तेच. सॉफ्टबॉक्सचं पोट थेट तोंडावर रोखू नकोस, जरा पुढच्या बाजूला वळव म्हणजे चेहऱ्यावर त्याची कड पडेल, ती जास्त मऊ असते आणि ड्रेसवर उगाच सांडत नाही.

एक छोटी गोष्ट जी कोणी सांगत नाही. मावळतीचं ऊन पिवळसर आणि फ्लॅश पांढरा, त्यामुळे मागे सोनं आणि चेहरा निळसर फिकट, आणि फ्लॅश मारलाय हे लगेच कळतं. फ्लॅशवर अर्धं सीटीओ जेल लाव, नारिंगी कागदासारखं मिळतं, स्वस्त आहे, आणि व्हाइट बॅलन्स ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेव. एकदा लावून बघ, तुझ्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतील. दाट झाडाखाली उलटं होतं, तिथे गवताचा हिरवा उजेड हनुवटीखाली चढतो, तिथे फ्लॅश जवळ आणून जोर दिला की तो धुऊन निघतो.

आता रंगाबद्दल, आणि हे मी मनापासून सांगतोय. आपल्या मुली-मुलांचा रंग गव्हाळ, सावळा, कधी चांगला काळासावळा असतो, आणि फोटो बघताना कोणीतरी मावशी हमखास म्हणते जरा उजळ कर ना. करू नकोस. पॉवर वाढवून चेहरा पांढरा केलास की त्या त्वचेतला सगळा गोडवा जातो, गालाचा आकार जातो, मुलगी दुसरीच कोणीतरी दिसते, आणि तिला न सांगता कळतं की आपला रंग घरच्यांना नकोय. सावळ्या चेहऱ्याला जास्त उजेड लागत नाही, मोठा उजेड लागतो. मोठ्या सॉफ्टबॉक्सची लांबट मऊ चमक गालावर आणि नाकाच्या दांडीवर पडली की त्यातूनच चेहऱ्याला आकार येतो. कपाळावर तेलकट ठिपका चमकला तर टिश्यू टेकवायला सांग, पावडर थापायला नको, फ्लॅशमध्ये ती राखाडी दिसते.

पारंपरिक कपड्यांचा एक सेट ठेवणार असशील, आणि मराठी घरात तो असतोच, तर जरीचं ध्यानात ठेव. मी एका मुलीचे फोटो सॉमरसेटच्या कोलोनियल पार्कातल्या गुलाबाच्या बागेत काढले होते, आजीची जांभळी पैठणी नेसली होती, हिरवे काठ, पदरावर मोर. पहिल्या चार फोटोंत पदराच्या जागी नुसता पांढरा डाग. जर म्हणजे धातूसारखी, समोरून आलेला फ्लॅश आरशासारखा परत फेकते. मी पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, लावला, काही फरक नाही, कारण धातूवरची चमक पोलरायझरने जात नाही. शेवटी तिला काही न सांगता तिच्या भावाला म्हटलं स्टँड दोन पावलं बाजूला घे आणि बॉक्स अजून वर कर, उजेडाचा परतीचा कोन माझ्या लेन्सवरून हटला, आणि मोर दिसायला लागले, एकेक पीस. चष्म्याचंही हेच तत्त्व आहे, काचेत चौकोन दिसला की लाइट वर घे किंवा मुलीला चष्म्याच्या काड्या कानावर केसभर उचलायला सांग, काच किंचित खाली झुकते आणि चौकोन निघून जातो.

पोजचं आता. तुझा रूममेट ताठ उभा राहिला कारण तू त्याला "नॅचरल उभा राहा" म्हणालास असणार. असं सांगितलं की माणूस आणखी ताठतो. सांगायचं ते शरीराच्या एका भागाबद्दल, एका वेळी एकच, आणि तोंडाने सांगण्याऐवजी स्वतः समोर उभं राहून करून दाखवायचं, आरशासारखं, तुझा डावा तिचा उजवा. मी पायापासून सुरू करतो. वजन मागच्या पायावर, पुढचा गुडघा सैल. एवढं केलं की कंबर आपोआप एका बाजूला जाते, खांदे तिरके होतात, अर्धं काम झालं. मग अंग माझ्यापासून थोडं वळलेलं, तोंड परत लाइटकडे. मग मान. हनुवटी पुढे, म्हणजे कपाळ माझ्याकडे आणल्यासारखं, आणि मग किंचित खाली. समोरून करताना तिला विचित्र वाटतं, कासवासारखं, पण फोटोत जबड्याची रेघ स्वच्छ येते. मी आधीच सांगून टाकतो की विचित्र वाटेल आणि फोटोत छान दिसेल, मग एक फोटो दाखवतो, आणि तिथून पुढे ती माझं ऐकते.

हात हा सगळ्यांचा घोळ. रिकामा हात फोटोत लाकडासारखा दिसतो. त्याला काम दे. बांगडी फिरव, केस कानामागे घे, जॅकेटची कॉलर धर, दुपट्ट्याचं टोक बोटात घे. हाताची मागची सपाट बाजू कॅमेऱ्याकडे नको, करंगळीची कड दिसू दे, हात लगेच बारीक आणि हलका दिसतो. दंड अंगाला चिकटवायचा नाही, कोपर आणि कंबर यांच्यामधून मागचं दिसलं पाहिजे. मुलगा असेल तर खिशात हात पण अंगठा बाहेर, नाहीतर पायरीवर बसव, पाय फाकवून, कोपरं गुडघ्यावर, पुढे झुकलेला. अंगाने उंच वाढलेले आणि त्या उंचीला अजून न सरावलेले मुलगे उभे असले की पोक काढतात, बसवले की एकदम मोकळे होतात.

दात न दाखवणारी मुलं असतात, ब्रेसेस असतात, कुणाला मोठ्याने हसायचंच नसतं. तो त्यांचा हक्क आहे. आई मागून "अगं हस ना नीट" म्हणत असेल तर आईला लाइट धरायला लाव किंवा कपडे सांभाळायला गाडीपाशी पाठव, प्रेमाने. हसू हवं असेल तर हसायला सांगू नकोस, चालायला सांग. दहा पावलं लांब जा, वळून माझ्याकडे चालत ये, मध्येच खाली बघ आणि मग वर. वर बघताना तो जो एक क्षण असतो ना, तो ८५ च्या नाहीतर ७०-२०० च्या लेन्सवर पकड. फ्लॅश अशा वेळी एका जागी ठेवून चालत नाही, अंतर बदललं की उजेड बदलतो, त्यामुळे जमिनीवर एक पान ठेव आणि तिला सांग वर बघायचं ते या पानापाशी, फ्लॅशचं माप त्या पानाला लावून ठेवलेलं असलं की झालं. मला सगळ्यात जास्त समाधान देणारे फोटो या चालण्यातलेच आहेत, आणि आईवडील मोठे करून भिंतीवर लावतात तेही हेच.

स्टँडबद्दल एकदाच सांगतो. दुसरा फ्लॅश घ्यायच्या आधी वाळूची पिशवी घे. लिबर्टी स्टेट पार्कात पाण्याकडून वारा येतो, तिथे माझा स्टँड फ्लॅशच्या छत्रीसकट उलटला, फ्लॅशची ट्यूब दगडावर फुटली आणि मुलीचा सहा वर्षांचा भाऊ फुटभर अंतरावर उभा होता. त्याला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून पिशवीशिवाय किंवा माणसाने धरल्याशिवाय माझा स्टँड उभा राहत नाही. वाऱ्यात छत्री तर नकोच, ती पतंगच होते. आणि रेल्वेचे रूळ. तिला कुठेतरी दिसलं असेल, ती मागेल, मुलं मागतात. साफ नाही म्हण. ती खासगी जागा आहे, आत जाणं बेकायदा आहे, आणि नॉर्थईस्ट कॉरिडॉरवर अॅमट्रॅकची गाडी ताशी १०० मैलांच्या वर धावते, विजेवर चालते त्यामुळे आवाज येईपर्यंत गाडी आलेली असते. रुळांचा जो फील हवा असतो तो जुन्या विटांच्या भिंतीपाशी किंवा लाकडी पुलावर मिळतो.

उंच गवतात फोटो फार सुंदर येतात हे खरं, पण इथे टिक, म्हणजे गोचीड, असतात आणि त्यांच्यापासून लाइम नावाचा आजार होतो, त्यामुळे पायवाटेच्या कडेलाच उभं कर, लांब लेन्सने गवतात असल्यासारखंच दिसतं, आणि घरी गेल्यावर घोटे, गुडघ्यामागे तपासायला सांग. पैसे घेऊन काढणार असशील तर काउंटी पार्कात परमिट लागू शकतं, आधी फोन करून विचार, ऐन उजेडाच्या वेळी रेंजर येऊन उभा राहिला तर त्या मुलीची संध्याकाळ जाते. आणि हो, इयरबुकचं आधी विचारून घे, पुष्कळ शाळांचा फोटोग्राफर ठरलेला असतो आणि इयरबुकात तोच फोटो चालतो, तारीखही असते, बाहेरचे फोटो मग घरासाठी. हे न विचारता आईने तुझ्याच फोटोवर भरवसा ठेवला असेल तर घोळ होईल.

बाकी सामानात पांढरा फोमबोर्ड घे, डॉलर स्टोअरात मिळतो, मिरजेचा थर्माकोल आणि हा एकच. बैठ्या पोजमध्ये मांडीवर आडवा धरला की हनुवटीखालची सावली उजळते, दुसऱ्या फ्लॅशची गरजच राहत नाही. कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरच्या बॅटऱ्या नव्या टाक. दोन सेट कपडे पुरेत, तीन झाले की अर्धा उजेड कपडे बदलण्यात जातो. साधे कपडे आधी, पैठणी किंवा ग्रॅज्युएशनचा गाऊन नंतर, कारण पहिली वीस मिनिटं कोणीच मोकळं झालेलं नसतं आणि ज्या कपड्यांना घरच्यांच्या लेखी किंमत आहे ते मोकळ्या चेहऱ्याने यायला हवेत.

शेवटची दहा मिनिटं, सूर्य गेल्यावर, आभाळ निळं-गुलाबी असतं तेव्हा फ्लॅश १/६४ वर आण, शटर १/८० पर्यंत खाली, आयएसओ ४००, आणि आजी आली असेल तर आजीला तिच्या शेजारी बसव. पोज काही देऊ नकोस. दोघींना एवढंच सांग की हात धरा.

रविवारी रूममेटला परत उभा कर, पण यावेळी फ्लॅश बंद ठेवून मागचं आधी जमव, मग बाकीचं. एक फोटो फ्लॅश बंदचा आणि एक चालूचा, दोन्ही मला पाठव, कुठे अडतंय ते लगेच दिसेल.